सवयीचा चहा

अंधार पडायच्या आत ड्रमच्या तोंडाला आतून व्हॅसलिन फासायचं, हे त्या घरात सुनेचं काम. चार बोटं रुंद पट्टा, गोल, कुठेही खंड न पडता. एवढीशी जागा कोरडी राहिली तरी तिथून एक वर येणार, त्याच्या मागून दुसरं, आणि सकाळी उठून बघावं तर चपलेत, कंगव्यात, पिण्याच्या पाण्यात झुरळं.

सहा निळे प्लास्टिकचे ड्रम मागच्या खोलीत भिंतीला टेकून उभे होते. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे रचलेले, आणि त्या ट्रेंच्या खाचाखाचांत हजारोंनी झुरळं. चुकून शिरलेली नव्हेत. पाळलेली. कोंडा, शिळा पाव, फळांची सालं घालून पोसलेली. कॉलेजातल्या पोरांना प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला कापायला झुरळं लागतात, आणि ती या घरातून जातात. सासऱ्यांनी धंदा सुरू केला. ते गेल्यावर मुलगा बघू लागला. कॉलेजात सगळे त्याला सप्लायर म्हणत, आणि होता होता गल्लीतही त्याचं तेच नाव पडलं. त्याला ते आवडे. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, भोकं पाडलेला खोका स्कूटरवर पुढ्यात ठेवून तो निघाला की वाटावं, कुणी मोठा साहेब फायली घेऊन चाललाय.

सून म्हणजे धाकटी. माहेरी दोन बहिणी, त्यांतली ही लहान म्हणून धाकटी. सासरी तिला नावाने हाक मारायची कुणाला कधी गरज पडली नाही. ‘अगं ए’ एवढ्यावर भागत होतं.

त्या घराचा वास ज्याने घेतला नाही त्याला सांगून कळायचा नाही. खवट तेल, ओला पुठ्ठा, आणि मागे कुठेतरी काहीतरी गोडसर कुजतंय, असा. तो केसांत बसतो, उशीत बसतो, घास तोंडाशी नेला की घासाच्या आधी तो तोंडात जातो. सप्लायरला विचारलं तर म्हणायचा, “कसला वास? मला तर काही येत नाही.” येणार कसा? तो त्याच वासात जन्मला, त्यातच रांगला. ऑर्डर असली की झुरळं मोजायला सोपी जावीत म्हणून डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवायची. गारठली की पाय आखडून गप पडतात. खालच्या कप्प्यात ती, वरच्या कप्प्यात दूध. पाहुणा आला की सासूबाई त्याच फ्रिजातून त्याला गार पाणी काढून देत आणि तो पाणी पीत असताना त्याच्याकडे कौतुकाने बघत.

आणि सगळ्यात घाण काम म्हणजे चाळणं. दर पंधरवड्याला एकेक ड्रम रिकामा करून तळाचा माल चाळायचा. तळाचा माल म्हणजे काय? विष्ठा, टाकलेल्या काती, तुटलेले पाय, मेलेल्यांचे पंख. झुरळाची विष्ठा हुबेहूब चहाच्या पुडीसारखी दिसते. ती खाली पडायची, ती पोत्यात भरायची, रोपवाटिकेवाला खत म्हणून न्यायचा. चाळताना तपकिरी धूर उठे आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात लटकून राही. धाकटी त्या धुरात मांडी घालून बसायची. पदर नाकाला लावावा तर चाळणीला दोन हात लागतात.

पहिली दोन वर्षं तिला काही झालं नाही. मग शिंका सुरू झाल्या. मग डोळे. डोळे असे खाजत की बुबुळं काढून धुवावीत. त्यानंतर छाती. पहाटे श्वास आत जाई पण बाहेर निघताना शिट्टी वाजे, बारीक, लांब, कुणी दाराच्या फटीतून बोलावल्यासारखी. ती उठून बसायची, गुडघ्यांवर हात रोवून, आणि एकेक श्वास बाहेर ढकलायची. सप्लायर कूस बदलून म्हणायचा, “झोपू दे की जरा.”

सासूबाईंनी तर निकालच लावून टाकला होता. “पहिली दोन वर्षं कशी घोड्यासारखी कामं करत होतीस? तेव्हा नाक नव्हतं वाटतं तुला! आत्ताच बरं उगवलं.”

“आई, खरंच श्वास लागतो हो.”

“मला बघ. आख्खा जन्म या झुरळांत गेला माझा. एक शिंक आली असेल तर सांग. अंगात काम करायची दानत नसली ना, की नाक वाहतं. राणीसाहेबांना अत्तराचा फाया द्या रे कुणीतरी!”

 बोलायला श्वास लागतो, आणि तो धाकटीकडे मोजकाच होता.

शेवटी ताईच तिला घेऊन गेली छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे. ताई म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण, कपडे धुण्याच्या दुकानात इस्त्रीवर कामाला, तोंडाने फटकळ. सप्लायरही आला. बायकोच्या काळजीने नव्हे. दवाखाना कॉलेजच्या वाटेवर होता, आणि खोका पोचवायचाच होता.

डॉक्टरीणबाईंनी धाकटीच्या हाताच्या आतल्या बाजूला ओळीने थेंब टाकले. धूळ, परागकण, मांजर, बुरशी, झुरळ. प्रत्येक थेंबात सुई किंचित टोचली आणि म्हणाल्या, “बसा जरा.” बाकीचे थेंब गुमान राहिले. झुरळाच्या थेंबाखाली मात्र कातडी फुगत गेली. पांढरी, उंच, भोवती लाल चट्टा. बघता बघता ती फुगलेली गांध नाण्याएवढी झाली.

ताई म्हणाली, “घ्या. म्हणे नाटकं करते! आता कातडीलाही नाटक शिकवलं असेल हिनं.”

सप्लायरने मान वाकडी करून बघितलं. “मुंगी चावली तरी एवढं येतंच की, डॉक्टर.”

“खोक्यात काय आहे?” डॉक्टरीणबाईंचं लक्ष त्याच्या मांडीवर गेलं होतं. आतून खसखस आवाज येत होता.

“माल आहे. झुरळं. पेरिप्लॅनेटा अमेरिकाना. मोठी जात.” नाव घेताना त्याची छाती फुगली. “तुम्ही पण कॉलेजात आमचीच कापली असतील. माझे वडील पोचवायचे.”

“टोपीवाले? हो, आठवतात.” डॉक्टरीणबाई क्षणभर हसल्या, आणि मग हसू पुसल्यासारखं गेलं. “खोका बाहेर ठेवून या आधी. आत्ता. आणि मग नीट ऐका.”

त्यांनी जे सांगितलं ते धाकटीने डोळे मोठे करून ऐकलं, कारण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या शिंकेला कुणीतरी कारण देत होतं.

“शरीरात पहारेकरी असतात. अँटीबॉडी म्हणतात त्यांना. रोगजंतू आला की त्याला धरायला शरीर त्या बनवतं. त्यांतली एक जात आहे, आयजीई. ही खरं तर जंतांसारख्या किड्यांसाठी आहे. पण काही माणसांचं शरीर फसतं. झुरळाची विष्ठा, लाळ, कात यांचा धुरळा नाकातून सारखा आत जात राहिला की त्याला वाटतं, हा शत्रू. आणि ते झुरळासाठी म्हणून खास आयजीई बनवायला लागतं. याला वेळ लागतो. महिने, वर्षं. तोवर बाहेरून काही दिसत नाही.”

“म्हणजे पहिली दोन वर्षं...” धाकटी म्हणाली.

“बरोबर. ती दोन वर्षं तुम्ही बऱ्या नव्हतात, आत तयारी चालली होती. आता ऐका, या आयजीई जाऊन कुठे बसतात? मास्ट पेशींवर. कातडीत, नाकात, श्वासाच्या नळ्यांत, आतड्यात, सगळीकडे या पेशी असतात.” त्या थांबल्या, सप्लायरकडे वळल्या. “तुमच्या झुरळाची मादी अंड्यांची डबी घेऊन फिरते ना, दाण्यांनी गच्च भरलेली?”

“अहो, एकेका डबीत चौदा, सोळा!” सप्लायर खुलला.

“मास्ट पेशी दिसायला काहीशी तशीच समजा. आत दाणेच दाणे. पण त्यांत पिल्लं नाहीत, हिस्टॅमीन असतं, आणखी बरंच जहाल असतं. पेशीच्या अंगावर या आयजीई हात वर करून उभ्या. झुरळाचा कण आला आणि त्याने शेजारशेजारचे दोन हात एकदम पकडले, की डबी उकलते. दाणे बाहेर. नाकात उकलली तर शिंका, नळ्यांत उकलली तर दमा. आणि सगळ्या अंगात एकदम उकलल्या तर रक्तदाब कोसळतो, घसा सुजतो, माणूस हातचा जातो. कोळंबी तोंडाला लावू नका, कोळंबी आणि झुरळ एकाच घराण्यातली. आणि ड्रम घरातून हलवा.”

“हलवतो ना. परीक्षा होऊ देत. सीझन आहे.”

“आत्ता हलवा.”

“गच्चीवर पत्र्याची खोली आहे, पण ऊन लागतं हो तिथे. मरतात.”

ताईने त्याच्याकडे असं बघितलं की तो शर्टाची कॉलर नीट करू लागला.

“आणि यावर कायमचा उपाय काहीच नाही का?” त्याने विषय बदलला.

“आहे. ज्याची अॅलर्जी तेच अगदी कणाकणाने देत जायचं. हळूहळू वाढवत. मग शरीर दुसऱ्या जातीच्या अँटीबॉडी बनवतं, त्या कणाला आधीच अडवतात, शरीराला सवय होत जाते. पण ते शुद्ध केलेल्या अर्काचं इंजेक्शन असतं, दवाखान्यात, दिल्यावर समोर बसवून ठेवायचं. आणि दमा आटोक्यात आल्याशिवाय मी हात लावणार नाही. ड्रम घरात आहेत तोवर तर नाहीच.”

सप्लायरने मान डोलावली. माणसं मान डोलावतात तेव्हा आपल्याला वाटतं त्यांनी ऐकलं. त्याने ऐकलं होतं एवढंच, ‘तेच कणाकणाने देत जायचं, सवय होते.’ पुढचं त्याच्या कानांपर्यंत पोचलंच नाही, किंवा पोचून परत गेलं. बाहेर येऊन त्याने आधी खोक्याला कान लावला, आतले सगळे हलतायत ना याची खात्री करून घेतली, आणि मग बायकोला म्हणाला, “आमच्याच झुरळावर शिकली, आणि आम्हालाच शहाणपण शिकवते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीला जाग आली ती कपबशीच्या आवाजाने. उशाशी सप्लायर उभा. हातात चहा.

लग्नानंतर हे पहिल्यांदा. या माणसाने कधी स्वतःचा कप उचलून मोरीत ठेवला नव्हता. ती धडपडत उठली. “अहो, तुम्ही कशाला?”

“घे गं. आलं घातलंय चांगलं. छातीला बरं.”

चहा जरा तिखट होता, जरा कडसर. घशात खवखवलं. आलं जास्त पडलं असेल, तिला वाटलं. पुरुषाचा हात, अंदाज कुठला! तिने शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. तळाशी तपकिरी गाळ राहिला होता. सप्लायर दारात टेकून बघत होता. “पूर्ण पी. गाळासकट. आल्याचा कस त्यातच असतो.”

तिने कप तिरका करून गाळही घेतला.

मग ते रोजचंच झालं. सासूबाईंनीही तिला चाळण्यातून मोकळं केलं. “तू नको बसूस धुळीत, मी बघते,” म्हणाल्या, आणि आवाजात साखर होती. सकाळी चहा पिताना दोघं समोर असत. सासूबाई विचारत, “कसं वाटतंय?” इतक्या वर्षांत त्या घरात तिला हा प्रश्न कुणी केला नव्हता. धाकटीला भरून येई. आपण उगाच या माणसांना नावं ठेवली, असं तिला वाटू लागलं. प्रेमाला हपापलेल्या माणसाचं असंच होतं. त्याच्यापुढे काहीही ठेवा, तो आधी हात जोडतो.

तिने ताईला फोनवर सांगितलं, “अगं, हे रोज आल्याचा चहा करून देतात.”

“कोण? आपला झुरळसम्राट? ताप बीप आहे का त्याला?”

“ताई, तू पण ना! माणूस बदलतो.”

“बदलतो की. पण असा फुकट नाही बदलत. ड्रम हलवले का?”

“परीक्षा झाल्या की हलवणार आहेत.”

“मग चहा कशाचा पितेस? आधी ड्रम हलव म्हणावं, मग आलं किस.”

धाकटीने फोन ठेवला आणि मनातल्या मनात ताईवरच रुसली.

चहानंतर ओठ खाजत. टाळूला मुंग्या येत. तासाभराने पोटात पिळवटून येई. एकदा मानेवर गांधी उठल्या, सासूबाईंनी त्यावर हात फिरवला आणि मुलाकडे बघून म्हणाल्या, “बाहेर पडतंय सगळं. चांगलं लक्षण.” धाकटीला वाटलं, घामोळ्यांचं म्हणतायत. तिला ते आलंच सोसत नव्हतं, पण सांगायचं कसं? आज नको म्हटलं आणि उद्यापासून त्याने चहाच बंद केला तर? खाजेपेक्षा तिला त्याची भीती जास्त होती. म्हणून तिने ओठ चावले आणि कप रिकामा केला.

त्या सकाळी चहा दाट होता. नेहमीपेक्षा दाट. पृष्ठभागावर तेलाचा बारीक तवंग होता आणि नाकाशी नेल्यावर आल्याच्या आडून एक ओळखीचा वास आला, पण त्या घरात तो वास कशाला येत नव्हता? तिने प्यायला. गाळ जिभेवर रवाळ लागला. काहीतरी दातात कुरकुरलं. तिने ते गिळलं.

कप खाली ठेवेपर्यंत तळहात पेटले. मग तळपाय. मग डोक्याची कातडी, जणू हजार पाय केसांतून एकदम धावले. तिने पदर बाजूला करून बघितलं तर पोटावर, दंडांवर गांधीला गांधी लागून जाड थर झालेला. पोटात असा पीळ बसला की ती दुमडली. “अहो,” म्हणायचं होतं, पण जीभ तोंडात मावत नव्हती. शिट्टी वाजू लागली आणि मग शिट्टीही थांबली, आणि शिट्टी थांबणं हे शिट्टी वाजण्यापेक्षा वाईट असतं, हे तिला तेव्हा कळलं. डोळ्यांपुढे काळं आलं. त्या काळ्यात तिला डबी दिसत होती, दाण्यांनी भरलेली. एक नव्हे, अंगभर. सगळ्या एकदम उकलत होत्या.

लांबून सासूबाईंचा आवाज आला. “जास्त झालं वाटतं रे.”

दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता म्हणून ती वाचली. कुणाच्या पुण्याईने नव्हे. स्कूटरवर माय-लेकांच्या मधे तिला पोत्यासारखी धरून आणलं. डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे एकदा बघितलं, आणि काही न विचारता कपड्यावरूनच मांडीत सुई खुपसली. पाय वर केले, नळी लावली, सलाईन टोचलं. थोड्या वेळाने घशातली गाठ सैल झाली. श्वास आत गेला. बाहेर आला. परत आत गेला. धाकटी नुसती तेवढंच करत पडून राहिली, जगात दुसरं काही कामच नसल्यासारखी.

तोवर ताई येऊन पोचली होती, हाताला इस्त्रीचा चटका बसलेला तसाच.

“काय खाल्लं होतं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. “कोळंबी? बाहेरचं काही?”

“काहीच नाही,” धाकटी पुटपुटली. “नुसता चहा.”

“कुणी केला?”

“यांनी.”

सप्लायर भिंतीवरचं फुफ्फुसाचं चित्र बघत होता. सासूबाईंनाच राहवलं नाही. “अरे, सांग की! चोरी केलीयेस का? बायकोच्या भल्याचंच केलंस ना?”

त्याने खिशातून औषधाची रिकामी केलेली छोटी बाटली काढली. आत तपकिरी पूड होती, बारीक, निम्मी संपलेली. त्याने ती टेबलावर ठेवली. लाजून नव्हे. विद्यार्थ्याने वही तपासायला ठेवावी तशी.

“तुम्हीच म्हणाला होतात, डॉक्टर. तेच कणाकणाने द्यायचं, वाढवत न्यायचं. पहिल्यांदा चिमूटभरच घातली. मग अर्धा चमचा. आज जरा भरून घातला.”



“काय आहे हे?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं, जरी त्यांना कळलं होतं. सगळ्यांनाच कळलं होतं.

“झुरळंच. पण घाण नाही हं, स्वच्छ धुतलेली. तव्यावर खरपूस भाजून मग मिक्सरला काढली. इंजेक्शनच्या नादी कोण लागणार? घरचाच माल आहे, बिनभेसळ.”

“आणि मिक्सर नंतर मी साबणाने घासून ठेवत होते,” सासूबाई म्हणाल्या. “त्यातच चटणी करायची असते ना.”

धाकटीला आधी काही वाटलं नाही. मग दातात कुरकुरलेलं ते आठवलं. ते काय असेल? पाय? पायावरचा काटा? पंखाचं टोक? रोज सकाळी, गाळासकट. आणि कप तिरका करून तळ चाटताना आपण या माणसाकडे वर बघत होतो, भरल्या डोळ्यांनी. ते आठवलं आणि मग पोटातून सगळं वर आलं. ती कॉटवरून ओणवी होऊन ओकली, परत ओकली, पोटात काही उरलं नाही तरी ओकत राहिली. झुरळाने तिला एवढं ओकवलं नसतं. झुरळ बिचारं ड्रममध्ये होतं, त्याने काही कबूल केलं नव्हतं, काही हातात आणून दिलं नव्हतं. तिला ओकारी येत होती ती त्या ‘घे गं’ची.

ताई सप्लायरच्या अंगावर धावली. “अरे मेल्या, माणूस आहेस का कोण आहेस?”

“अहो ताई, मी काय विष घातलं का? सवय व्हावी म्हणून...”

“सवय!” डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. “मी ड्रम हलवा म्हटलं ते नाही ऐकलंत. दवाखान्यात म्हटलं ते नाही ऐकलंत. दम्याच्या बाईला तुम्ही पोटातून चमचाभर... घसा बंद होऊन पाच मिनिटांत गेली असती ती. कळतंय का तुम्हाला?”

“पण गेली नाही ना,” सासूबाई म्हणाल्या.

हे वाक्य माणसाच्या तोंडून निघालं. प्राण्यांना बोलता येत नाही ते बरंच आहे.

डॉक्टरीणबाईंनी बाटली कागदात गुंडाळून आपल्या खणात ठेवली, कुलूप लावलं आणि धाकटीजवळ येऊन बसल्या. “मला हे पोलिसांना कळवावं लागेल. तुम्हाला तक्रार द्यायची आहे?”

धाकटीने हाताच्या मागच्या बाजूने ओठ पुसले. “द्यायचीय,” ती म्हणाली. “पण आधी मला चूळ भरू द्या.”

तिने चूळ भरली. मग आणखी एक. नर्सने पाण्याचा जग आणून दिला, तो संपला, तरी ती बोटाने दात घासतच होती.

पोलिसांनी कॉटजवळच तिचा जबाब लिहून घेतला. दवाखान्यातून ती सासरी गेली नाही. ताईने तिला आपल्याकडे नेलं, कपडे धुण्याच्या दुकानावरच्या त्या एका खोलीत. खालून दिवसभर वाफ वर यायची आणि खोलीला धुतलेल्या कापडाचा वास होता. धाकटी पहिल्या रात्री उताणी झोपली. किती काळात ती अशी झोपली नव्हती.

सकाळी ताईने चहा केला आणि कप तिच्यापुढे धरला. “घे गं,” ताई म्हणाली.

धाकटीचा हात पुढे झाला आणि अर्ध्यात थांबला.  ओठांना खाज सुटली. ताईच्या चहात चहा, दूध आणि साखर याशिवाय काही नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. तिच्या अंगाला ते ठाऊक करून घ्यायचं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. “ताई, तुझ्यावर संशय नाही गं...”

 तो चहा ताईने स्वतः पिऊन टाकला, भांडं घासलं, आणि गॅसपासून बाजूला सरून स्टुलावर जाऊन बसली. “तूच कर. माझ्यासाठी पण अर्धा टाक.”

धाकटीने पाणी ठेवलं. दूध नाकाशी नेऊन बघितलं. चहाच्या पुडीचा डबा उघडून ती कितीतरी वेळ आत बघत राहिली. मग चमचाभर पूड बोटांत चुरडली, हुंगली आणि टाकली. चहा उकळायला लागला तेवढ्यात फोन वाजला.

सप्लायर होता. दमलेला. मागे भांडी आपटल्याचे आवाज, खुर्ची सरकल्याचा आवाज, सासूबाईंची किंकाळी.

“अगं ए, ऐकतेस का? व्हॅसलिनचा डबा कुठे ठेवलायस?”

तिने चहा ढवळला.

“कालपासून कुणी लावलंच नाही. रात्रीत सगळी बाहेर आली. आख्ख्या घरात झालीयेत. आईच्या गादीत, भांड्यांत, फ्रिजमागे... कॉलेजची ऑर्डर उद्यावर आलीय. अगं, बोल ना! डबा कुठे?”

कशी आहेस, नाही. श्वास येतो का, नाही. मागून सासूबाई ओरडत होत्या, “कानात गेलं रे माझ्या! तिला म्हणावं लगेच ये!”

धाकटीने गॅस बारीक केला. डबा मागच्या खोलीत खिडकीच्या वरच्या फळीवर होता, जुन्या चाळणीखाली. तिला तो डोळ्यांपुढे दिसत होता.

“तिथेच आहे,” ती म्हणाली. “शोध.”

“म्हणजे तू येणार नाहीस?”

“नाही.”

“आणि मग ही सगळी...”

“सवय होईल,” धाकटी म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिने चहा गाळला, ताईचा अर्धा आणि स्वतःचा भरून. कप तिरका करून तळ बघितला. परत बघितला. खाली दुकानात कुणीतरी इस्त्री आपटली, वाफेचा फुत्कार वर आला, आणि ती भिंतीला टेकून पहिला घोट घ्यायच्या आधी थांबली, आपला श्वास ऐकत. आत जात होता. बाहेर येत होता. शिट्टी नव्हती.